ठकीच्या गळ्यातला पट्टा

अकोल्याहून बैलांची रेंगी आली ती माणूस न्यायला नाही, मांजर न्यायला आली.

अमरावतीच्या त्या गल्लीत असं आजवर झालं नव्हतं. पांढरे दोन बैल, शिंगांना चांदीच्या शेंब्या, वर लाल छत, आत भरलेली गादी. आणि धुरकरी भगवंता खाली उतरून, हात जोडून म्हणतो, "मोठ्या बाई, आमच्या बाईनं तुमची मांजर मागतली. पंधरा दिवसांसाठी द्या म्हने."

गोदाबाई दारातच उभी होती. ऐकू तर पहिल्यांदाच आलं होतं, पण तिनं कानामागे हात धरला.

"काय म्हनते तुई बाई? जोरानं बोल, बाबू. समोरच्या ओसरीपर्यंत गेलं पाह्यजे."

भगवंता बिचारा जोरानं बोलला. समोरच्या ओसरीवर सरकी निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. गोदाबाईनं त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली आणि मगच त्याला पाणी दिलं.

भगवंताची बाई म्हणजे माणिकबाई, गोदाबाईची विहीण. गोदाबाईची लेक कौशल्या तिच्या घरी दिलेली. दोन वर्षांमागं लग्नात, भर पंगतीत, ह्या माणिकबाईनं पुरणाची पोळी दोन बोटांनी उचलून उजेडात धरली होती आणि म्हणाली होती, "अमरावतीकडे पुरन मोजूनच भरतात वाटते." सगळी पंगत हसली. गोदाबाईनं त्या दिवशी ओठ शिवून घेतले, मुलीची आई होती म्हणून. पण ते हसू तिच्या पोटात दोन वर्षं तसंच पडून होतं, पचलं नव्हतं. आणि आज त्याच बाईनं चांदीच्या शेंब्यांचे बैल जुंपून हात पसरला होता. कशासाठी, तर मांजरीसाठी! गोदाबाईला चुलीपाशी जाऊन एक गिरकी घ्यावीशी वाटली. गुडघ्यांचा विचार करून तिनं ती घेतली नाही.

ते दिवसच तसे होते. वऱ्हाडाच्या अंगात आलं होतं. समुद्रापलीकडे कुठं तरी मोठी लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस अडलेला, आणि म्हणून विलायतेला ह्या काळ्या मातीतल्या कापसाची तहान लागलेली. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. ज्याच्या घरी खोल्या होत्या त्यानं खोल्या भरल्या, ज्याच्या नव्हत्या त्यानं देवघर भरलं. देव कोनाड्यात सरकले, म्हातारी माणसं ओट्यावर निजू लागली. माणसं जेवताना हसत होती, भांडताना हसत होती. आणि कापसामागून सरकी खायला उंदीर आले, उंदरांमागून घुशी आल्या. कापसाच्या मऊ ढिगात त्यांनी बाळंतपणं मांडली. तेव्हा ज्या मांजरींना उभ्या जन्मात कुणी 'ये' म्हटलं नव्हतं त्यांना दारोदार दूध मिळू लागलं.

त्यात गोदाबाईची ठकी म्हणजे मांजरींची पाटलीण. अंगावर एक काळा केस नाही. कापसाच्या ढिगात बसली की दोन पिवळे डोळे तेवढे दिसत, आणि उंदराला ते दिसेपर्यंत उंदीर संपलेला असे. आणखी एक गोष्ट होती. ठकी गोदाबाईशिवाय कुणाच्या हातचं खात नसे. गोदाबाई हे ज्याला त्याला सांगे.

"देऊन टाक धुरकऱ्याजवळ," तिचे मालक नत्थुजी पान लावता लावता म्हणाले.

"मांजर धुरकऱ्याजवळ द्याची? उद्या म्हनसान, घरचे देव डाकेनं पाठव."

"मंग काय तू जातं?"

"मंग कोन जाईन? तुमी?"

"तुले कोनं बलावलं?"

"ठकीले बलावलं ना? ठकी काय एकटी जेवते?"

नत्थुजींनी पान तोंडात टाकलं. तोंडात पान असलं की त्यांना बोलावं लागत नसे, आणि म्हणूनच ते दिवसातून इतकी पानं खात.

आता प्रश्न उरला तो ओळखीचा. अकोल्यात पांढऱ्या मांजरी काय कमी असतील? पंधरा दिवसांनी माणिकबाईनं भलतीच कुणी पांढरी हातावर ठेवली आणि म्हणाली, हीच तुमची, तर तिचं तोंड कोण धरणार? शिवाय ठकी कुणाची, हे अकोल्याच्या बाजारानं विचारल्याशिवाय ओळखलं पाहिजे. गळ्यात काही तरी हवं. चांदीची साखळी? छे! चांदी तर आता माणिकबाईचे बैल घालत होते.

गोदाबाईच्या डोक्यात आलं ते असं, की तिची तीच खूश झाली. त्यांच्या घरच्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, बोजांवर एक खूण असे: चंद्रकोर आणि खाली दोन रेघा. ती खूण म्हणजे नत्थुजींच्या घरचा शब्द. लोक रुईत पाणी मारत, माती मिसळत, दगड घालत. पण चंद्रकोरीचा बोजा कुणी फोडून बघत नसे. तीच खूण ठकीच्या गळ्यात घालायची!

बोजाचं जाडंभरडं कापड तिनं बोटभर रुंद फाडलं. बिब्बा निखाऱ्यावर शेकला, दाभण खुपसलं, आणि सुटलेल्या काळ्या तेलानं पट्टीवर चंद्रकोर काढली. एकदा काढून समाधान होईना, म्हणून तिच्यावरून पुन्हा फिरवली. खाली दोन रेघा, चांगल्या ठसठशीत. घरचे गडी खूण काढली की वरून चुना लावत आणि बोजे आठ-आठ दिवस उन्हात टाकत. पण चुन्याचं मडकं परसात होतं, बैल घुंगरं वाजवत होते, आणि चुन्यानं चकाकीही गेली असती. बिब्ब्याबद्दल गोदाबाईला कोण काय शिकवणार? पायात काटा मोडला की बिब्बा, टाच भेगाळली की बिब्बा, पाळण्याला बिब्बा. तिनं कढत तेल फुंकून गार केलं, पट्टा ठकीच्या गळ्यात बांधला, चंद्रकोर मानेवर वरच्या बाजूला आणली, आणि दारात येऊन ठकीला उंच धरलं.

"पाहून घ्या," ती समोरच्या ओसरीला म्हणाली. "अकोल्याले चालली."

रस्त्यावर काय गर्दी होती! बडनेऱ्याच्या पुढं तर गाड्यांना गाड्या लागलेल्या, बोजांवर बोजे, आणि गाडीवान एकमेकांना शिव्या देत गाणी म्हणत होते. एका बाजूला मातीचा लांबच लांब भराव घातलेला. त्यावरून म्हणे लोखंडाची वाट जाणार आणि आगीची गाडी धावणार.

"तिले बैल किती लागतीन?" गोदाबाईनं विचारलं.

"एक बी नाई, मोठ्या बाई."

"चाल! मले अमरावतीची समजून फेकून राह्यला काय?"

भगवंता खदखदून हसला. गोदाबाईही हसली. ठकी तिच्या मांडीवर, डोकं तिच्या हनुवटीखाली खुपसून, मान जबड्याला घासत बसलेली. गाडीवान जाता जाता विचारत, "कोनाच्या घरची हो मांजर?" आणि एक तर नुसता पट्टा बघूनच ओरडला, "नत्थुजीचा माल चालला!" त्या एका वाक्यावर गोदाबाईनं कुरुमपर्यंतचा प्रवास तहान न लागता काढला.

कुरुमच्या मुक्कामाला ठकी मागच्या पायानं मान खाजवू लागली. "सवय नाई अजून," गोदाबाई म्हणाली. "मीबी पहिल्यांदा वज्रटीक घातली तवा असंच केलं होतं." दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर मागं पडलं तरी खाजवणं थांबेना. ठकी खाजवलेला पाय चाटी, तोंड वेडंवाकडं करी, गादीला मान घाशी. गोदाबाईला वाटलं, सैल असल्यानं घासतो आहे. म्हणून तिनं गाठ आणखी आवळली. बोरगावला ठकीनं दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. गोदाबाईच्या हातचं दूध! तिला काळजी वाटली, पण त्याहून जास्त राग आला. शिवाय तिचा स्वतःचा जबडा सकाळपासून चुणचुणत होता. उन्हाचं घामोळं असेल, असं म्हणून तिनं पदर हनुवटीवरून ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी, ऊन नुकतं तापू लागलं तेव्हा, मोर्णा नदी ओलांडून रेंगी अकोल्यात शिरली. माणिकबाईचं आवार म्हणजे दुसरा बाजारच. एकीकडे कापसाचा ढीग छपराला टेकलेला, दुसरीकडे रुईचे बोजे रांगेनं. शालिकराम नावाचा एक म्हातारा गडी उकिडवा बसून बोजांवर खुणा काढत होता. कौशल्या "माय!" करत धावत आली. आणि मागून माणिकबाई आली, हातात आरतीचं ताट आणि ताटात दुधाची वाटी. आरती मांजरीची होती. आजूबाजूच्या चार-सहा बाया तमाशा पाहायला जमल्याच होत्या.

"या, ईनबाई! पन पदर नाकापर्यंत काहून? आमच्या घरी वास येते काय?"

"धुळा लय हाये तुमच्या रस्त्यानं," गोदाबाई पदराआडून म्हणाली. जबडा आता ठणकत होता. आत हात लावला तर फोड लागत होते, आणि ते माणिकबाईला दाखवण्यापेक्षा ती विहिरीत उतरली असती.

"आना, महाराणीले आना!"

गोदाबाईनं ठकीला खाली ठेवलं. ठकी दोन पावलं चालली, तिथंच बसली आणि मान खाजवू लागली. खाजवता खाजवता पांढऱ्या केसांचा पुंजका उडाला आणि हळूच दुधाच्या वाटीत जाऊन पडला.

माणिकबाईनं ताट बाजूला ठेवलं, खाली वाकून पट्टा एका बोटानं वर केला, आणि चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं.

"अवो माय! खरूज!"

"कोनाले खरूज?" गोदाबाई म्हणाली.

"कोनाले म्हंजे? पाहा ना डोळ्यांनी! केस गेले, मांस दिसून राह्यलं, पानी सुटलं! ईनबाई, म्या मांजर मागतली होती, रोग नव्हता मागतला!"

"माह्या मांजरीले रोग? परवा सकाळी घरून निघाली तवा मोगऱ्यासारखी होती."

"मंग रस्त्यानं मोगरा सुकला वाटते."

एक बाई फिसकन हसली. तीच ती पंगत, तेच ते हसू. गोदाबाईच्या कानशिलांत वाफ चढली. पण तिनं ठकीकडं पाहिलं. पट्ट्याखालची मान खरंच लालभडक झाली होती, फोड फुटून ओली झालेली. ठकी ओरडतही नव्हती. नुसती तोंड उघडायची आणि मिटायची.

माणिकबाई काही दुष्ट नव्हती, घाबरट होती. तिच्या गोठ्यात बारा बैल, आवारात वीस माणसं, आणि उद्या माल पाहायला विलायती साहेबाचा माणूस यायचा. खरूज ह्या आवारात शिरली तर? "भगवंता," ती म्हणाली, "पोतं आन. मांजरीले घाल आन मोर्नेपल्याड सोडून ये. हात लावू नको, पोत्यानंच धर."

"मामीजी, नका हो!" कौशल्या सासूपुढं आली. "तिकडे कुत्रे हायेत, फाडून खातीन तिले. मायची लाडाची हाये."

"तू हो बाजूले. आन तूबी हात धू."

भगवंता पोतं घेऊन आला. तीन दिवस त्यानं ठकीबरोबर प्रवास केला होता. त्याचे पाय जड पडत होते, पण मालकीण ती मालकीण. गोदाबाई उभी होती ती उभीच. खरूजच असेल तर? आपल्याही जबड्याला तीच लागली असेल तर? मग ह्या बायांसमोर पदर काढायचा कसा?

तेवढ्यात शालिकराम उठला. गुडघ्यावर हात टेकत आला आणि पोत्याच्या आधी जाऊन ठकीपाशी बसला. त्याची बोटं काळी पडलेली, नखांपाशी जुने चट्टे. त्यानं पट्ट्याची गाठ सोडली, पट्टा उलटा करून हुंगला, मग ठकीची मान दोन्ही बाजूंनी फुंकून केस बाजूला केले. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या मिशा हलू लागल्या. हसू आवरत तो गोदाबाईजवळ आला आणि अगदी हळू, फक्त तिलाच ऐकू जाईल असा म्हणाला:

"बाई, खरूज नोहे. बिब्बा उतला. चुना लावला नाई ना वरून?"

गोदाबाईनं ठकीच्या मानेकडं पाहिलं. आणि आता दिसलं. त्या लाल जागेच्या मधोमध, फोडांनी काढलेली, स्वच्छ, कुणीही वाचावी अशी चंद्रकोर होती. खाली दोन रेघा. तिचीच चंद्रकोर. दोनदा फिरवलेली.

"पट्टा कोनं केला?" शालिकरामनं तसंच हळू विचारलं. "तुमच्या घरच्या गड्यानं केला असन. नवा असन बिचारा."

म्हातारा भला होता. त्यानं दार उघडून दिलं होतं. गड्यावर ढकलायचं, मूर्खाला दोन शिव्या द्यायच्या, आणि नाक वर ठेवून अमरावतीला परत जायचं. कदाचित ठकीही वाचली असती. पण माणिकबाईला पटलं असतं का? ती म्हणाली असती, बिब्बा असो की आणखी काही, मले नको, पोतं घे. गोष्ट अशी सांगायला हवी होती की माणिकबाईला शंकाच उरू नये. आणि तशी पटवून द्यायला एकच साक्ष होती, ती गोदाबाईच्या पदराखाली होती.

भगवंतानं पोत्याचं तोंड उघडलं.

"थांब!" गोदाबाई अशी ओरडली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. "पोतं ठेव खाली! ईनबाई, इकडे या. साऱ्याजनी या. जवळ या, जवळ! खरूज नाई हे. बिब्बा हाये. पट्टा म्या केला. माह्या हातानं. चुना लावला नाई, कारन मले वाटलं, मले सारं समजते. वरून दोनदा फिरवला. आन रस्त्यानं खाजवून राह्यली होती तर आनखी आवळला. आता खोटं वाटत असन तर पाहा!"

आणि तिनं पदर खाली ओढला.

तिच्या डाव्या जबड्यावर, कानापासून हनुवटीपर्यंत सुजलेल्या गालावर, फोडांची चंद्रकोर उठली होती. थोडी वाकडी, एक रेघ जरा पुसट. पण घराण्याची खूण म्हणजे खूणच.

माणिकबाई अगदी जवळ आली. गोदाबाईच्या गालाकडं पाहिलं, ठकीच्या मानेकडं पाहिलं, पुन्हा गालाकडं. तिचे ओठ थरथरले. मग ती मटकन बोजावर बसली आणि हसायला लागली. अशी हसली की तिच्या बांगड्या वाजल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पोट धरून ती म्हणाली, "ईनबाई, बाजारात जाऊ नका हो! बोजा समजून गाडीत घालतीन तुमाले! मुंबईले पोचसान!"

"पोचली तर नत्थुजीचा माल म्हनून पोचीन," गोदाबाई फणकारली. "फोडून पाह्याची गरज नाई."

आता तर सगळ्याच हसल्या. कौशल्या हसत होती आणि रडतही होती. शालिकराम खोकत होता. आणि गंमत अशी की पंगतीतलं हसू जसं टोचलं होतं तसं हे टोचलं नाही. गाल दुखत असूनही गोदाबाईच्या तोंडाच्या कोपऱ्याला काही तरी होऊ लागलं.

"हसून झालं असन तर खोबरं काढा," ती म्हणाली. "आन तीळ. दाताखाली बारीक करून लावा लागते. मरून राह्यली माही मांजर आन तुमी हसता!"

मग काय धावपळ! माणिकबाईनं स्वतः कोठीतून खोबऱ्याच्या वाट्या आणल्या. तिनं चावलं, कौशल्यानं चावलं, जमलेल्या बायांनी तीळ कुटले. सासू-सुना-शेजारणी ओळीनं बसून गाय रवंथ करते तशा खोबरं चावत होत्या आणि मध्ये गोदाबाई ठकीला मांडीवर धरून "बारीक, बारीक! हे काय, चटनी कराची हाये?" म्हणून ओरडत होती. पहिला लेप ठकीला लागला, उरलेला मालकिणीला.

पण मानेपेक्षा मोठी गोष्ट पुढं होती. रस्त्यात बिब्ब्याचा पाय चाटल्यानं ठकीचं तोंड आतून सोललं होतं. ती काही गिळेना. तो दिवस गेला, दुसरा गेला. गोदाबाई बोटाला साजूक तूप लावून तिच्या जिभेवर फिरवी आणि बोलत राही: "गीळ. माह्यावर रागावली ना? राग मंग काढ. अगोदर गीळ." आणि ठकी नुसते पिवळे डोळे मिटून पडून राही. तेव्हा मात्र आवारातलं हसू आटलं. माणिकबाई दर तासाला यायची, काही न विचारता उभी राहायची आणि जायची.

आणखी एक अडचण होतीच. लेकीला अजून मूल नव्हतं, त्यामुळे रीतीप्रमाणे लेकीच्या घरचं पाणीही गोदाबाईला चालणार नव्हतं. तिचा बेत होता मांजर ठेवायची आणि उभ्या उभ्या परतायचं. आता ठकीला सोडून जाणं शक्य नाही, आणि इथं जेवणं शक्य नाही. तिनं फाटकाबाहेर, आवाराच्या हद्दीपलीकडं, निंबाखाली तीन दगड मांडले, बाजारातून ज्वारीचं पीठ आणलं आणि भाकरी थापायला बसली. जाणारे-येणारे गाडीवान गाल बघत. तिनं पदर ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई तिथं पाट घेऊन येऊन बसली.

"ईनबाई, लग्नात म्या पुरनाचं बोलली होती."

"बोलली होती की नाई, मले आठवत नाई," गोदाबाई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर जरा जास्तच जोरानं आपटली.

"खरं म्हंजे पुरन चांगलं होतं."

"मले माहीत हाये."

तिनं भाकरी उलटली. मग माणिकबाईनं भाकरीकडं बोट करून म्हटलं, "कड कच्ची राह्यली." आणि गोदाबाईला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकीनं गोदाबाईचं तुपाचं बोट चाटलं. मग दोन थेंब दूध. मग बोटालाच दात लावला. "चावली!" गोदाबाई फाटकातून ओरडली. "चावली हो मले! कौशल्ये, चावली!" रस्त्यावरच्या एका माणसानं घाबरून विचारलं, साप काय? पण तोवर कौशल्या आणि तिची सासू दोघी वाटी घेऊन धावत निघाल्या होत्या. वाटी कौशल्याच्या हातात होती. ठकीनं कौशल्याकडं पाहिलं, गोदाबाईकडं पाहिलं, आणि कौशल्याच्या हातची वाटी शेवटपर्यंत चाटून पुसून काढली. गोदाबाईच्या काळजात एक बारीकशी कळ आली. ती तिनं कुणाला दाखवली नाही.

सातव्या दिवशी भर दुपारी, माणिकबाई कापसाच्या ढिगापाशी सावलीत बसून गड्यांना रागावत होती. गोदाबाई शेजारी. ठकी दोघींच्या मध्ये, मान उघडी, केस अजून आलेले नाहीत, खपली धरलेली. एकाएकी ठकीची पाठ ताठ झाली. शेपटीचं टोक हललं, एवढंच. पुढच्या क्षणी ती तिथं नव्हती. ढिगाच्या पोटात काही तरी धडपडलं, कापूस उसळला, एक चिरका आवाज आला, आणि वरच्या बाजूनं कापसाचा लोटच्या लोट खाली आला. बाया किंचाळत उठल्या. शालिकरामच्या हातचा बिब्बा गळून पडला. आणि त्या पांढऱ्या धुळीतून ठकी बाहेर आली, मागं मागं सरकत, तोंडात एक घूस ओढत. घूस तिच्याएवढी! मेलेली पण दात विचकलेली. ओढता ओढता ठकी थांबे, दम घेई, गुरगुरे आणि पुन्हा ओढी.

"अरे पाहा! पाहा रे!" माणिकबाई पाटावर चढून उभी राहिली. तिनं गोदाबाईचा हात असा धरला की बांगडी वाढवायची वेळ आली. "ईनबाई! घूस! माह्या कोठीची वाट हिनंच लावली होती! पाहा, कशी आनली! भगवंता, ये इकडे! अवो बायांनो, या साऱ्या!"

"ओरडू नको, दचकन ती!" असं म्हणत गोदाबाई तिच्याहून मोठ्यानं ओरडत होती. गुडघे विसरून ती जाग्यावर नाचत होती.

गल्ली जमली. कुणी घुशीची लांबी हातानं मोजली, कुणी ठकीच्या उघड्या मानेकडं बघून विचारलं, "हे काय झालं हिले?" गोदाबाईनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी माणिकबाईच गालावर बोटानं चंद्रकोर काढत, पहिल्यापासून, सगळं रंगवून सांगू लागली. पट्टा, बिब्बा, पदर, काहीही सोडलं नाही. उलट दोन-चार गोष्टी पदरच्याही घातल्या. गोदाबाई ऐकत उभी राहिली. एकदा मात्र तिनं टोकलं, "दोनदा फिरवला, तीनदा नाई," एवढंच.

गर्दी पांगल्यावर माणिकबाईनं घाम पुसला. ठकी घुशीला सोडून पुन्हा ढिगाच्या काठाशी जाऊन बसली होती, कान पुढं करून.

"मंग ईनबाई, उद्या जुंपू काय गाडी? मांजर तर बरी झाली तुमची."

"उद्या?" गोदाबाईची नजर ठकीवरून हलली नाही. "येडी झाली काय तू? अजून आत एक हाये. या घुशीचा नवरा. पाट सरकव इकडे, आन गप बस."

माणिकबाईनं पाट सरकवला, आणि दोघी श्वास रोखून कापसाकडं पाहत बसल्या.